बीएमआयला न दिसलेले नऊ कोटी सत्तर लाख

२८.६ आणि ३९.५. हे दोन्ही टक्के एकाच पाहणीतले आहेत आणि त्याच माणसांना मोजून काढलेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत २००८ ते २०२० या काळात ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख १३ हजार प्रौढांची तपासणी झाली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन आणि उंचीच्या हिशेबाने, म्हणजे बीएमआयने, २८.६ टक्के लोक स्थूल ठरले. त्याच लोकांच्या कंबरेला टेप लावली तेव्हा पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के निघाला. देशाच्या लोकसंख्येवर हे प्रमाण लावलं तर पहिला आकडा २५ कोटी ४० लाख होतो आणि दुसरा ३५ कोटी १० लाख.

वजाबाकी करा: ९ कोटी ७० लाख. ज्यांचं पोट धोक्याच्या रेषेपुढे गेलं आहे, पण बीएमआयने ज्यांना स्थूल म्हटलं नाही, असे या देशात किमान इतके लोक आहेत. ‘किमान’ म्हणायचं कारण साधं आहे. बीएमआय जास्त पण कंबर मर्यादेत, असेही काही जण असतात. ते बाजूला काढले की न दिसलेल्यांची संख्या आणखी वाढते.

याच पाहणीच्या पुढच्या एका विश्लेषणात वजनाबरोबर रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाबही धरला, तेव्हाचे आकडे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. शंभर भारतीय प्रौढांपैकी २८.३ जण स्थूल होते आणि त्यांच्या तपासण्याही बिघडलेल्या होत्या. १.८ जण स्थूल असूनही तपासणीत ठीक होते. २६.६ जणांचं वजनही बरोबर होतं आणि तपासण्याही चांगल्या होत्या. उरलेले ४३.३ जण, म्हणजे चारही गटांतला सगळ्यात मोठा गट, बीएमआयप्रमाणे स्थूल नव्हते, पण आतून बिघडलेले होते. शरीर अन्न कसं वापरतं आणि कसं साठवतं, तो कारभारच त्यांच्यात विस्कटला होता. काट्याने मात्र त्यांना सोडून दिलं होतं.

हे आकडे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला लावून पाहू. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. तिन्हींची बेरीज सव्वानऊ लाखांहून अधिक होते. त्यानंतर बदलापूरच्या दोन्ही बाजूंना किती इमारती उभ्या राहिल्या ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं, तरी जुनाच आकडा घेऊ आणि त्यातले प्रौढ सहा लाख धरू. इंडियाबमध्ये शहरी भागातलं मधुमेहाचं प्रमाण १६.४ टक्के आहे, ग्रामीण भागातलं ८.९. शहरी प्रमाण लावलं तर या तीन शहरांत मधुमेहाचे रुग्ण एक लाखाच्या घरात जातात. आणि ४३.३ टक्क्यांचा हिशेब केला तर ‘वजन ठीक, आतून बिघाड’ या गटात अडीच लाखांहून जास्त माणसं येतात. हा अंदाज आहे, देशाचं प्रमाण स्थानिक लोकसंख्येवर लावून केलेला. घरोघरी मोजणी केली तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण तो दहा-वीस हजारांचा असणार नाही, लाखांचाच असेल.

आता बीएमआय हे माप आलं कुठून ते पाहू. सूत्र सोपं आहे: किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे नातं मांडलं ॲडॉल्फ क्वेटले या बेल्जियमच्या माणसाने, १८३०च्या दशकात. क्वेटले वैद्य नव्हता, खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र हे त्याचे विषय. त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. एखाद्याला कोणता आजार होईल हा त्याचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतले ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं तपासली आणि वजन-उंचीच्या निरनिराळ्या सूत्रांत हे त्यातल्या त्यात बरं, असा निर्वाळा दिला. बीएमआय हे नावही त्यांचंच. पाहणीत एकही स्त्री नव्हती आणि भारतीय तर नव्हतेच. लोकसमूहांची तुलना करायला सोयीचं म्हणून निवडलेलं हे माप नंतर एकेका माणसाच्या केसपेपरवर निकाल म्हणून लिहिलं जाऊ लागलं. खरी गडबड तिथे झाली.

रेषाही काही निसर्गाने आखून दिलेल्या नाहीत. १८.५च्या खाली कमी वजन, २५पासून जास्त वजन आणि ३०पासून स्थूल, ही जागतिक आरोग्य संघटनेची विभागणी. अमेरिकेत १९९८पर्यंत पुरुषांसाठी जास्त वजनाची रेषा २७.८ होती. ती २५वर आणली आणि कोट्यवधी अमेरिकन एका ग्रॅमनेही न वाढता रातोरात ‘जास्त वजनाचे’ झाले. आशियाई लोकांना कमी बीएमआयवरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात हे लक्षात आल्यावर संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे जास्तीचे टप्पे सुचवले. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलं की आपल्याकडे २३पासून जास्त वजन आणि २५पासून स्थूलता धरायची. कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०.

या कमी केलेल्या रेषाही किती ढोबळ आहेत ते २०२१च्या एका अभ्यासाने दाखवलं. इंग्लंडमधल्या १४ लाख ७० हजार लोकांच्या आरोग्यनोंदी त्यात तपासल्या होत्या. गोऱ्या माणसाला बीएमआय ३० असताना मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढाच धोका चिनी वंशाच्या माणसाला २६.९ला आणि कृष्णवर्णीयाला २८.१ला आढळला. आणि आपल्याला, म्हणजे दक्षिण आशियाई लोकांना, २३.९ला. भारतात आज उपलब्ध असलेल्या वजन कमी करण्याच्या नव्या इंजेक्शनांची अट मात्र बीएमआय ३०, किंवा सोबत आजार असेल तर २७ अशीच लिहिलेली आहे. परदेशी चाचण्यांमधून आलेली ती रेषा इथल्या शरीराला तशीच लावली जाते. हे मला पटत नाही.

कमी बीएमआयवरच आपल्याला धोका का असतो, याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्याच पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन हे दोघेही मधुमेहाचे अभ्यासक. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा एकत्र फोटो छापला गेला आणि खाली मापं दिली होती. बीएमआय दोघांचाही २२.३, दशांशापर्यंत सारखा. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ जगभरच्या वैद्यकीय वर्गांत शिकवला जातो.

याज्ञिकांचं काम त्या फोटोपुरतं नाही. त्याआधीच, १९९३ मध्ये, त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाआधीच वजन-उंची नोंदवली, मग बाळं मोजली आणि ती मुलं मोठी होईपर्यंत मोजत राहिले. त्या आयांचा सरासरी बीएमआय होता साधारण १८. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान होती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली तर तिथली चरबी त्या मानाने राखलेली. बाळ हडकुळं, पण चरबी जपून जन्माला आलेलं. आईच्या पोटात अन्न बेताचं मिळालं तर शरीर आधी मेंदू आणि साठा सांभाळतं, स्नायूंवर काटकसर करतं. ही ठेवण आयुष्यभर राहते.

बदलापूर-अंबरनाथच्या चाळींत आणि सोसायट्यांत राहणाऱ्यांची मुळं बघा. कोकण, घाट, मराठवाडा, खानदेश. आईवडिलांची किंवा आजीआजोबांची पिढी गावची. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी राहिलेल्या बायांची ही लेकरं आणि नातवंडं. उल्हासनगर तर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून ठेवलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं शहर. तिथल्या पहिल्या पिढीने हाल काढले. त्यांची मुलं-नातवंडं आज कापडाच्या आणि फर्निचरच्या दुकानांत दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसतात. कारणं वेगवेगळी असली तरी चाल सारखी आहे: आधी ओढाताण, मग एक-दोन पिढ्यांत भरपेट खाणं आणि बसकं काम. अशा शरीरात जास्तीची चरबी आधी पोटात, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती जाते. दंड, मांड्या तशाच बारीक राहतात. म्हणून काटा पुढे सरकत नाही. पण ही पोटातली चरबी स्वस्थ पडून राहत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं यकृतात उतरतात, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि साखर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब एकामागून एक वर जातात.

एक हिशेब करून बघू. माणूस काल्पनिक आहे, पण सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये असे शेकडो भेटतील. वय ४६, उंची १६५ सेंटीमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय २२.८. भारतीय रेषेच्याही आत. घर बदलापूरला, ऑफिस फोर्टात. सीएसएमटी ६८ किलोमीटरवर, एका बाजूचे दीड तास तरी गाडीत. व्यायामाला वेळ नाही, वडिलांना शुगर. कंबर ९४ सेंटीमीटर. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ मध्ये केलेली मधुमेहाच्या धोक्याची गुणपत्रिका त्याला लावू. वयाचे २० गुण, कंबरेचे १०, बैठ्या आयुष्याचे ३०, वडिलांच्या मधुमेहाचे १०. बेरीज ७०. साठपासून पुढे धोका मोठा धरतात. या अख्ख्या गुणपत्रिकेत बीएमआयला जागाच नाही.

आता त्याच्या घरातली बाई घ्या. उंची १५० सेंटीमीटर, वजन ५३ किलो. बीएमआय २३.६, म्हणजे २५च्या जागतिक रेषेने अगदी ‘नॉर्मल’. बुटक्या माणसाच्या बाबतीत या सूत्राचा एक वेगळाच दोष आहे. माणूस उंच होतो तेव्हा रुंदी आणि जाडीही थोडी वाढते, पण सूत्रात उंचीचा फक्त वर्ग घेतला जातो. त्यामुळे उंच माणूस आहे त्यापेक्षा जाड ठरतो आणि बुटका आहे त्यापेक्षा सडपातळ. ऑक्सफर्डचे गणिती निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये वर्गाऐवजी अडीचवा घात घ्यावा असं सुचवलं. त्या हिशेबाने याच बाईचा आकडा २५वर येतो. आपल्या बायकांची सरासरी उंची दीड मीटरच्या थोडीशीच वर आहे, तेव्हा ही चूक एकट्यादुकट्या बाईची नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका २५च्या रेषेवर होत्या. त्याच पाहणीत पहिल्यांदाच कंबर आणि नितंब मोजून गुणोत्तर काढलं, तर धोक्याच्या गटात ५६.७ टक्के बायका निघाल्या. पुरुषांत हेच दोन आकडे २२.९ आणि ४७.७ टक्के.

उलट बाजूची चूकही होते. ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही कबड्डीच्या मैदानावर १६५ सेंटीमीटर उंचीचा, ७५ किलोचा पोरगा सापडेल. त्याचा बीएमआय २७.५, कागदावर स्थूल. पण अंगावर स्नायू, कंबर ८० सेंटीमीटर. म्हातारपणी हा खेळ पुन्हा उलटतो. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, मणके दबून उंची कमी होते आणि बीएमआय तीस वर्षांपूर्वीचाच राहतो. मुलांना तर मोठ्यांच्या रेषा लावूच नयेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये काढलेले वाढीचे तक्ते वयाप्रमाणे आहेत आणि प्रौढांच्या २३ आणि २७शी जुळणाऱ्या रेषा त्यात आखल्या आहेत. त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. गरोदर बाईला तर हे गणित लागूच होत नाही.

मग बीएमआय टाकून द्यायचा का? नाही. तीसच्या वरचा आकडा बहुतेक वेळा खरंच सांगतो. त्याची अडचण अशी की तो फार थोड्यांना पकडतो. अमेरिकेतल्या तेरा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात, चरबी खरोखर जास्त असलेल्या पुरुषांपैकी जेमतेम ३६ टक्के आणि बायकांपैकी ४९ टक्के तीसच्या रेषेने सापडले. आणि खालच्या टोकाला तर हे माप आजही लाखमोलाचं आहे. महाराष्ट्रात २०.८ टक्के बायका १८.५च्या खाली आहेत, २३.४ टक्के २५च्या वर. भूक आणि पोट सुटणं, दोन्ही एकाच राज्यात. आपल्या जिल्ह्यात मुरबाड-शहापूरचे आदिवासी पाडे आणि बदलापूरचे टॉवर एकमेकांपासून फार लांब नाहीत. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव यांच्या गटाने क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तेव्हा त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले. क्षयरुग्णाचं वजन किती आणि बीएमआय १८.५च्या किती खाली, हे तिथे जीवनमरणाचं माप आहे. वजनकाटा आरोग्य केंद्रातून हलवा असं कुणी म्हणू नये.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगातल्या पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी हेच नीट मांडलं. एकेका माणसाच्या आरोग्याचा निकाल बीएमआयवर देऊ नका, तो चाळणी म्हणून वापरा, आणि चरबी जास्त आहे की नाही याची खात्री कंबर मोजून किंवा थेट चरबी मोजून करा. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही २००९ची व्याख्या सुधारली. २३च्या वरची स्थूलता आता दोन टप्प्यांत बघायची. पहिल्या टप्प्यात अवयवांवर आणि रोजच्या हालचालींवर परिणाम नसतो, दुसऱ्यात पोटाचा घेर वाढलेला असतो आणि त्याचे परिणाम दिसू लागलेले असतात. पण २२.८वाला आपला लोकलचा प्रवासी या नव्या व्याख्येच्याही बाहेरच राहतो. हे मला खटकतं. त्याच्यापर्यंत पोहोचायला टेपच हवी.

आणि टेप सरकारकडे आहेच. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो तपासणी तक्ता भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातला आजार असे प्रश्न आहेत. बीएमआय त्या गुणांमध्ये नाही. बाईची कंबर ८० सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य, ९०पर्यंत एक, त्यापुढे दोन. पुरुषांना ९० आणि १००. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाने तपासणीला आधी यायचं. आपल्या काल्पनिक प्रवाशाची बेरीज सहा होते. म्हणजे ज्याला वजनाचा काटा ‘उत्तम’ म्हणतो, त्याला आशाताईचा कागद रांगेत पुढे बोलावतो. हा साधा तक्ता बनवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. तो नीट भरला जावा, घाईत अंदाजाने आकडे टाकले जाऊ नयेत, याची काळजी मात्र पालिकांनी घ्यायला हवी. बायकांची कंबर मोजायला आडोसा हवा, मोजणारी बाईच हवी. शिबिरात गर्दीसमोर पदर सरकवून कुणी माप देणार नाही आणि मग कागदावर खोटा आकडा येतो.

घरी मोजायचं असेल तर पँटच्या नंबरावर जाऊ नका. उल्हासनगरात शिवलेली असो की मॉलमधून घेतलेली, ३४ नंबरची जीन्स पोटाखाली बांधली जाते आणि पोट तिच्यावर लोंबत राहतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड हाताने चाचपा, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरा, कपडा बाजूला करा, पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पुरुषांना ९० सेंटीमीटर म्हणजे साडेपस्तीस इंच, बायकांना ८० म्हणजे साडेएकतीस. दुसरा नियम त्याहून सोपा आणि ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०२२पासून स्वीकारलेला: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. १६५ सेंटीमीटर उंची असेल तर साडेब्याऐंशीच्या आत. आपल्या प्रवाशाची ९४ आहे, गुणोत्तर ०.५७. टेपही परिपूर्ण नाही, दोन माणसांनी मोजलं तर एखाद-दुसरा सेंटीमीटर फरक पडतो. जिममधली चरबी सांगणारी यंत्रं पाणी कमी-जास्त प्यायलात तरी आकडा बदलतात, त्यांच्यापेक्षा टेप केव्हाही बरी.

टेप रेषेपुढे गेली तर पुढची पायरी रक्ताची आहे. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी, लिपिड आणि रक्तदाब. तीस वर्षं ओलांडलेल्या कुणालाही साखर आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर घराजवळचं नागरी आरोग्य केंद्र, जे सोयीचं असेल तिथे जा. कुणी वजन-उंची घेऊन ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं, तर कंबरही मोजून केसपेपरवर लिहायला सांगा. आणि घरात कुणाला शुगर असेल, तर कंबर कितीही असो, वर्षातून एकदा रक्त तपासून घ्या.